हिवाळ्याची उगवत

कौशल्याबाईनं बॅटरी पेटवली ती पाहुण्यांच्या तोंडावर न मारता सरळ पायांवर मारली. मांजरसुंब्याच्या ढाब्यापुढं पाच माणसं चहाचे कागदी कप धरून थंडीत उभी होती. कानटोप्या, मफलर, हातमोजे, सगळा थाट झकास होता. पण तिला बघायचे होते ते बूट.

"ह्ये चालतेल. ह्ये बी चालतेल." बॅटरीचा उजेड पुढं सरकत एका चकचकीत जोडीवर थांबला. "साहेब, ह्ये बूट लग्नाला घालायचे हायत. डोंगरावर घसरताल."

बूटवाले विठ्ठलराव लातूरच्या बँकेतून निवृत्त होऊन पुण्यात राहणारे ऐसपैस गृहस्थ होते.

"अहो, नवे आहेत. डोंगरासाठीच घेतलेत."

"म्हणून तर. जुनं काय आणलंय का?"

गाडीच्या डिकीतून जुने बूट निघाले. विठ्ठलराव वाकून नाड्या बांधेपर्यंत कौशल्याबाई बाकीच्यांना डोंगराचे नियम सांगून मोकळी झाली. पाण्याची बाटली ज्याची त्यानं सांभाळायची, कारण वर पाणी नाही आणि खाली वाडीतही टँकरचंच आहे. बॅटरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर मारायची नाही. आणि मी थांबले की थांबायचं.

दामले मॅडम हे सगळं बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची पुण्यात सहलींची कंपनी होती, आणि कुठल्याही टेकडीवरचा सूर्योदय त्या पुण्यामुंबईच्या माणसांना विकू शकत, अशी त्यांची ख्याती होती. वाडीतल्या बायकांच्या सहकारी संस्थेनं श्रावणात सुरू केलेली ही डोंगरवाट त्यांच्या कानावर गेली होती. आज त्या आपली चार नेहमीची माणसं घेऊन स्वतः बघायला आल्या होत्या. पसंत पडली तर संक्रांतीच्या आधीपासून होळीपर्यंत दर रविवारी एक गट पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

श्रावणात दोन पाऊस बरे झाले, डोंगर हिरवा झाला, कपिलधारला धबधबा पडला आणि माणसंही आली. मग पाऊस जो गेला तो गेलाच. डोंगर पिवळा पडला आणि माणसं यायची थांबली. आता संस्थेची सगळी भिस्त या हिवाळ्यावर होती. कौशल्याबाईची तर जास्तच.

कारण ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि यंदा तिचा नवरा रामहरी एकटाच, अर्धा कोयता म्हणून, भावाबरोबर कारखान्यावर गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "डोंगराचं जमलं तर राह्य. न्हाईतर संक्रांतीनंतर ये. मुकादमाला तसं सांगून ठेवतो." बोलणं रास्त होतं. पण तिला जायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा तिनं स्वतःच्या घरात काढला नव्हता. यंदा पहिल्यांदाच ती आपल्या चुलीपुढं हात शेकत बसत होती, आणि हे सुख सोडून पुन्हा उसाच्या फडात जायची तिची अजिबात तयारी नव्हती.

ही काळजी तिच्या चेहऱ्यावर कुणाला दिसली असती तर शपथ. ती जीपमध्ये बंकटच्या शेजारी बसली ती वाहतूक खात्याची मालकीण असल्यासारखी. बंकट तिचा चुलतभाऊ, जीप त्याची. पाहुण्यांना ढाब्यावरून उचलायचं, कपिलधारच्या अंगानं डोंगराच्या पायथ्याला सोडायचं आणि चालणं झालं की पलीकडं वाडीतून परत ढाब्यावर आणायचं, एवढं त्याचं काम.

मागं सामानाच्या पिशव्यांत गोदा बसली होती. कौशल्याबाईची ही एकुलती एक मुलगी बीडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. संस्थेचे फोन घेणं, पाहुण्यांना वेळा कळवणं तिच्याकडं होतं. बोलण्याचं खातं आईकडं असल्यामुळं ती फारशी बोलत नसे.

"ही माझी गोदा," कौशल्याबाईनं वळून पाहुण्यांना सांगितलं. "हिला ट्रकचा वास येतो."

"म्हणजे?" दामले मॅडमनी विचारलं.

"आमी तोडीवरून गुढीपाडव्याला माघारी यायचो, ही हितं आजीपाशी. तवा फोन न्हाई का काय न्हाई. तरी बी आमचा ट्रक फाट्यावर थांबायच्या आत ही पोरगी तिथं हजर! एकदा बी चुकली न्हाई. ट्रकमधल्या बाया म्हणायच्या, कौशल्या, तुझ्या पोरीला काय देवी सांगती का गं?"

सगळे हसले. गोदाही हसली आणि खिडकीची काच पुसू लागली.

डोंगर चढताना कौशल्याबाईची जीभ पायांच्या पुढं धावत होती. इथं लांडगा बसायचा. इथं तिचा सासरा विंचू चावून आडवा झाला आणि उठल्यावर पहिल्यांदा त्यानं तंबाखू मागितली. ह्या झाडाला कळलावी म्हणायचं, न्हाई न्हाई, त्या वेलाला, झाड हिवराचं हाय. विठ्ठलराव धापा टाकत टाकत प्रत्येक गोष्टीवर एक प्रश्न विचारत आणि ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देई, मग ते ठाऊक असो वा नसो. माथ्यावर पोचले तेव्हा वाट सपाट झाली. दोन्ही बाजूंना अंधार खाली उतरत गेला होता आणि दूर पवनचक्क्यांचे लाल दिवे मिणमिणत होते.

गोदा सगळ्यांच्या मागं चालत होती. काल संध्याकाळी तिनं आईला गाठलं होतं.

"माय, एकदा वर जाऊन बघून येऊत. सूर्य आता खिंडीतनं निघत न्हाई. तो श्रावणातला."

"कावून? सूर्य काय आपल्यावानी दरसाल गाव सोडून जातो व्हय?"

"आपण थापड्या दगडावर नेऊत त्यांना."

"तिथं काय हाय? शेळ्यांच्या लेंड्या! पुण्याची माणसं लेंड्या बघायला येऊ लालीत का?"

तिथंच विषय संपला होता. वाडी डोंगराच्या पोटात असल्यामुळं तिथं सूर्य दिसायचा तो चांगला हातभर वर आल्यावर, त्यामुळं तो नेमका कुठून निघाला हे वाडीत बसून कळण्याची सोय नव्हती. वर जाऊन बघायला हवं होतं. पण ज्या डोंगरावर आपण सून म्हणून आल्यापासून सरपण गोळा केलं तो डोंगर पुन्हा काय बघायचा, असं कौशल्याबाईला वाटलं. तिनं श्रावणातच खिंडीसमोरची जागा झाडून घेतली होती. बसायला सपाट दगड ओळीनं लावले होते. समोर दोन टेकड्या, मधी खिंड, आणि त्या खिंडीतून सूर्य असा सरळ वर यायचा की पाहुणे टाळ्या वाजवत.

आजही तिनं सगळ्यांना त्याच दगडांवर बसवलं.

"समोर बघा. नजर खिंडीवरून हलवायची न्हाई."

पाच जण नजर न हलवता बसले. दामले मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला. गार वारा सुटला होता. खिंडीवरचं आभाळ राखाडी झालं, मग पांढुरकं झालं आणि तसंच राहिलं.

तांबडं फुटलं होतं, पण ते भलतीकडंच, पार उजव्या हाताला. तिकडं नकट्या टेकडीचा फुगवटा मधी आला होता आणि त्याच्यामागून लाली वर चढत होती. कौशल्याबाईला आधी वाटलं, तिकडं कुणीतरी उसाचं पाचट पेटवलंय. मग आठवलं की यंदा आसपास कुठं ऊसच नाही.

"येऊ लालाय," ती म्हणाली. "थंडीचा जरा उशीर करतो."

टेकडीमागची लाली पिवळी व्हायला लागली. खिंड मात्र कुणी पुसून ठेवल्यासारखी कोरी होती.

"कौशल्याबाई," विठ्ठलराव म्हणाले, "आम्ही येणार म्हणून सूर्याला कळवलं होतं ना तुम्ही?"

पाहुणे हसले. दामले मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, आभाळाकडं एकदा पाहिलं आणि भिंगावर झाकण लावलं. त्या झाकणाचा टक आवाज कौशल्याबाईनं ऐकला. संक्रांतीनंतरचा फड तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. पाचटाची खोप आणि पहाटेचं गार पाणी तिनं क्षणभर पुन्हा भोगलं.

सूर्य सरकतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या जगाला ठाऊक असतं. पण किती सरकतो हे बघायला हिवाळ्यात ती इथं कधी होती? तोडीवर सगळी सपाटी. तिथं सूर्य उसातून वर यायचा, आणि तोवर निम्मी गाडी भरलेली असायची. तो कुठून आला हे विचारायला सवड कुणाला होती?

तिनं मागं वळून पाहिलं. गोदा पिशवी खांद्याला लावून केव्हाच उभी राहिली होती. मी सांगितलं होतं, असं तिच्या तोंडावर कुठंही नव्हतं.

"घावंल का?" कौशल्याबाईनं हळूच विचारलं.

"पळालो तर."

कौशल्याबाईनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"उठा! झाला का दम खाऊन? ह्यो नुसता थांबा होता. खरी जागा पुढं हाय. चला, चला, पाय उचला!"

इतकं धडधडीत खोटं ती इतक्या रुबाबात बोलली की पाचही जण खरोखरच उठून तिच्यामागं निघाले. पण तीही पुढं नव्हती. पुढं गोदा होती. वाट सोडून ती वाळक्या कुसळांतून तिरकी उतरली, एका घळीच्या कडेनं वळली आणि नकट्या टेकडीला वळसा घालून वाडीच्या बरोबर वरच्या सोंडेवर निघाली. तिला एकदाही थांबून बघावं लागलं नाही. विठ्ठलरावांची कानटोपी बोरीच्या काट्यात अडकली ती त्यांनी तिथंच सोडून दिली.

सोंडेच्या टोकाला एक मोठा चपटा दगड होता, थापड्या दगड म्हणायचे तो हाच. त्यावर सगळे कसेबसे चढले, आणि सूर्य निघाला.

पवनचक्क्यांच्या मधून तो आधी नखाएवढा दिसला, मग भाकरीएवढा झाला. खालच्या माळावर एकदम ऊन पडलं. आटलेल्या तळ्याचा भेगाळ तळ तांबूस झाला, काळी रानं उजळली आणि मांजरसुंब्याकडून वाडीला येणारा रस्ता सगळ्या वळणांसकट स्पष्ट झाला. श्रावणातल्या खिंडीतून दिसायचा त्याच्यापेक्षा हा सूर्य कितीतरी मोठा वाटत होता. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. विठ्ठलराव उघड्या डोक्यानं उभे राहिले आणि बराच वेळ काही विचारायचं विसरून गेले.

दामले मॅडमचा कॅमेरा थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "कौशल्याताई, एक सांगा. इतकी सुंदर जागा असताना आम्हाला तिकडे का बसवलं होतंत?"

थांब्याची गोष्ट कौशल्याबाईच्या जिभेवर तयार होती. पण समोर एवढं ऊन पडलेलं असताना ती सांगायची तिला लाज वाटली.

"खरं सांगू का मॅडम? मला ठावं नव्हतं. मी ह्या डोंगरावर हिवाळा बघितलाच न्हाई कधी. दसरा झाला की आमी खाली जायचो, ऊस तोडायला. पाडव्याला माघारी." तिनं सूर्याकडं हात केला. "आता कळलं, ह्यो बी आमच्यातलाच हाय. दसरा झाला की ह्यो बी खाली सरकतो. पाडव्याला माघारी येतोय बघा त्या खिंडीत. मी गावात नसायची अन् ह्यो बी नसायचा, मग आमची गाठ पडावी कशी?"

विठ्ठलराव आधी हसले, मग सगळेच हसले. दामले मॅडमनी हसता हसता तिचा दंड धरला.

"हे असंच सांगायचं. दर रविवारी. आधी लोकांना त्या खिंडीसमोर बसवा, चांगली वाट बघू द्या, आणि मग इथे पळवत आणा."

"दर रविवारी?"

"होळीपर्यंत म्हटलं होतं. आता पाडव्यापर्यंत करू. तो परत खिंडीत येईपर्यंत."

"येऊ द्या की," कौशल्याबाई म्हणाली, जशी काही तिनं मॅडमवर मेहरबानी केली. पण तिनं पदर तोंडावर धरला आणि सूर्याकडं पाठ केली. रामहरीला आज फोन करायचा, मुकादमाला सांग म्हणायचं, कौशल्या येत न्हाई. तिला नाचावंसं वाटत होतं, आणि दगडावर जागा असती तर ती नाचलीही असती.

खाली वाडीत चुली पेटल्या होत्या. संस्थेच्या बायकांनी पिठलं-भाकरी आणि ठेच्याचा बेत केला होता, त्याचा धूर वर येत होता. पाहुणे पायवाटेनं एकेक करत उतरू लागले. कौशल्याबाई सगळ्यांत शेवटी दगडावरून उतरली आणि उतरताना तिचा हात दगडाच्या एका कडेला लागला. बाकीचा दगड खरखरीत होता. ही कड मात्र उंबऱ्यासारखी गुळगुळीत झालेली होती. खाली तीन बारके दगड मांडून केलेली एक खेळातली चूल होती, पावसापाण्यानं अर्धी मातीत गेलेली.

"गोदे, तुला इतकं नेमकं कसं ठावं गं? आजीसंगं सूर्य बघायला येत होतीस व्हय?"

"सूर्य कोण बघतंय!" गोदा हसली. ती विठ्ठलरावांची पडलेली बाटली उचलत होती. "आजी शेळ्या घेऊन वर यायची. मी हितं बसायचे. हितनं रस्ता दिसतो ना सगळा, पार त्या वळणापर्यंत. तुमचा ट्रक तिथनंच यायचा." तिनं कपाळावर आडवा हात धरून दाखवला. "ह्यो मधीच यायचा डोळ्यात. लई राग यायचा मला ह्याचा. ह्यो वर सरकला की मग रस्ता दिसायला लागायचा."

कौशल्याबाई रस्त्याकडं बघत राहिली.

"पण आमी तर पाडव्याला यायचो."

"ते तुमाला ठावं. मला काय कळायचं पाडवा कधी असतो ते? आजीला विचारलं की आजी म्हणायची, येतेल आता. मग मी दसऱ्यापासूनच येऊन बसायचे."

ती हे अगदी सहज बोलली, शाळेतली एखादी गंमत सांगावी तसं. मग तिनं बाटली पिशवीत टाकली आणि ती पाहुण्यांच्या मागं निघाली.

कौशल्याबाईला ट्रकमधल्या बायका आठवल्या. तुझ्या पोरीला देवी सांगती का गं, असं त्या म्हणायच्या तेव्हा ती कशी फुगून जायची. आज पहाटेच जीपमध्ये तिनं तीच गोष्ट किती ऐटीत सांगितली होती, आणि गोदा खिडकीची काच पुसत बसली होती.

"माय, चल ना!" गोदानं खालच्या वळणावरून हाक मारली. "भाकरी गार होऊ लालीत."

"तू हो पुढं. पाहुण्यांना वाढून घे."

"अन् तू?"

कौशल्याबाई त्या गुळगुळीत कडेवर जाऊन बसली. सूर्य बरोबर समोर होता, डोळे उघडू देत नव्हता. तिनं कपाळावर आडवा हात धरला.

"मी बसते जरा. गाडी येती का बघते."

"बंकटमामाची? तिला लई वेळ हाय अजून!"

"असू दे," कौशल्याबाई म्हणाली.